ए६२५ : मॅम टॉरचा घाटरस्ता

ए६२५ हा इंग्लंडमधील शेफील्ड शहराला डर्बीशरमधल्या चॅपल-एन-ल-फ्रिथशी जोडणारा एकेकाळचा प्रमुख रस्ता. शेफील्डहून फॉक्स हाउसपर्यंत माळरानातून आल्यावर सरप्राइज व्ह्यूच्या वळणावर एकदम होप खोरे समोर येते, तिथून हॅदरसेज, होप, कॅसलटन ही गावे घेत तो मॅम टॉर (उंची ५१७ मी.) या डोंगराच्या अंगाने वर चढत असे. हा शेवटचा चढच त्याला भोवला.

जुनी वाट विनॅट्स खिंडीतून जाई. चुनखडीच्या कड्यांमधली ही अरुंद खिंड इतकी उभी, की लादलेल्या घोडागाड्यांची दमछाक होई. म्हणून पथकर घेऊन रस्ते चालवणाऱ्या एका कंपनीने १८१९ मध्ये मॅम टॉरच्या पूर्व उतारावरून सोप्या चढाचा नवा घाट काढला. भरावाला शेजारच्या ओडिन शिसेखाणीतला राडारोडा वापरला. आखणी हुशारीची होती, पण जमीन दगाबाज होती. डोंगराची ही बाजू तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच कोसळलेली होती आणि तो ढिगारा अजून सरकतच होता. वर वालुकाश्म, खाली ठिसूळ शेल (चिखलापासून बनलेला थरांचा खडक). पाणी मुरले की शेल नरम पडतो आणि वरचा भार खाली घसरतो. स्थानिक लोक या डोंगराला ‘थरथरणारा डोंगर’ म्हणतात.

दीडशे वर्षे रस्ता खचत राहिला आणि माणसे तो पुन्हा पुन्हा बांधत राहिली. १९७४ मध्ये मोठा भाग घसरला, १९७७ मध्ये वाहतूक एकाच मार्गिकेवर आणावी लागली आणि १९७९ मध्ये रस्ता कायमचा बंद झाला. डोंगराशी झगडा सोडण्याचा हा निर्णय शहाणपणाचाच होता. आज तिथे पायी जाता येते. तुटलेल्या कडेशी वाकून पाहिले तर डांबर, खडी, पुन्हा डांबर असे एकावर एक चढवलेले थर स्पष्ट दिसतात. दुरुस्तीचा इतका उघडा इतिहास क्वचितच कुठे पाहायला मिळतो.

विशेष म्हणजे, ज्या विनॅट्स खिंडीला टाळण्यासाठी हा घाट बांधला, तिच्यातूनच आता मोटारी जातात. अवजड वाहनांना मात्र तिथे मज्जाव आहे. फॉक्स हाउस ते कॅसलटन हा भाग आता ए६१८७ म्हणून ओळखला जातो, तर ए६२५ हा क्रमांक शेफील्डहून फ्रॉगॅटमार्गे कॅल्व्हरकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे.