जुन्या माउससाठी जुना ड्रायव्हर लागतोच का?

लिनक्सचे कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, स्वतः बांधताना यूएसबी नियंत्रक (पोर्ट चालवणारी चिप) हाताळणारा एक्सएचसीआय ड्रायव्हर फक्त निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, पोर्टांसाठी असतो आणि साध्या माउससाठी ईएचसीआय, ओएचसीआय, यूएचसीआय हे तिन्ही जुन्या नियंत्रकांचे ड्रायव्हर घ्यावेच लागतात, असे गोव्यातल्या विद्यार्थ्यांमध्ये वर्षानुवर्षे सांगितले जाते. हा समज निराधार नव्हता. ईएचसीआय सेकंदाला ४८० मेगाबिटांचाच वेग सांभाळत असल्याने १.५ मेगाबिटांच्या माउसला जोडीचा नियंत्रक (ओएचसीआय किंवा यूएचसीआय) किंवा मधला हब लागत असे. एक्सएचसीआय मात्र सगळे वेग एकटाच हाताळतो; कोणता ड्रायव्हर हवा हे माउस नव्हे, तर मदरबोर्डवरचा नियंत्रक ठरवतो. तो कोणता आहे हे पाहायला टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा ‘-टी’ पर्यायासह (lsusb -t) द्यावी. फोंड्यात माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपवर माउसच्या ओळीत १.५एम दिसते आणि वर मुळाशी एक्सएचसीआयच असतो. तिथे ईएचसीआय दिसला, तर मात्र तो काढू नये.