स्वयंपाकघरातली लुडबुड

तासगाव, पलूस, मिरजेच्या पूर्व भागात द्राक्षाची छाटणी निघाली की घरातली धडधाकट माणसं दिवस उगवायला बागेत जातात. मागे राहते आजी, आणि तिच्यापाशी दीड-दोन वर्षांचं नातवंड. आजीला भाकरी थापायच्या असतात, शेंगा फोडायच्या असतात, दूध तापवायचं असतं. आणि पोर सारखं पायात. डब्यांची झाकणं काढतं, पिठात हात घालतं, चमचा फेकून पुन्हा मागतं. शेवटी कुणीतरी मोबाईलवर गाणी लावून देतं आणि ते मुकाट बसतं. कामाच्या रगाड्यात हे समजण्यासारखं आहे. पण बालविकासाच्या अभ्यासकांनी गेल्या चार-पाच दशकांत जे शोधलं, ते आजीपर्यंत पोचायला हवं. तिच्या पायातली ती लुडबुड हाच त्या मुलाचा अभ्यास आहे, आणि त्याला शिक्षक लागतो तो तिच्यासारखा, उत्तर देणारा.

नवजात बाळाचा मेंदू वजनाने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतो. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत तो ९० टक्क्यांच्या घरात जातो. चेतापेशी बहुतेक जन्माआधीच तयार झालेल्या असतात. नंतर झपाट्याने वाढतात त्या त्यांच्यातल्या जोडण्या. पहिल्या काही वर्षांत हा वेग सेकंदाला दहा लाखांहून अधिक असतो. एवढ्या सगळ्या जोडण्या कायम राहत नाहीत. वापरात येतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या गळतात. द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. काडी भरमसाट वाढते, आणि छाटणीत काय ठेवलं यावर पुढचा माल ठरतो. मेंदूत मात्र कात्री कुणाच्या हातात नसते. मुलाच्या वाट्याला रोज काय येतं, त्यावरून ही निवड होत जाते.

याचा एक पुरावा आपल्या भाषांच्या फार जवळचा आहे. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही. इंग्रजीभाषक मोठ्या माणसांना तो धड ऐकूही येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना मात्र तो कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांमध्ये तो ओळखणारी फारच थोडी उरली. म्हणजे पहिला शब्द फुटतो न फुटतो तोच कान घरच्या भाषेला सरावलेला असतो. आपल्या बाळांचा हा भेद टिकतो, कारण ताट, पाट, तवा, टोप हे शब्द त्यांच्या कानावर दिवसभर पडतात.

मग मोबाईलमधूनही शब्दच कानावर पडतात की! प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी सिएटलमध्ये शोधलं आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी मँडरिन ही चिनी भाषा बोलणारी माणसं बारा बैठकांत खेळली, त्यांना पुस्तकं दाखवली. त्या बाळांना इंग्रजीत नसलेले मँडरिनचे ध्वनी ओळखता येऊ लागले. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, आणि त्यातून ती बाळं काहीच शिकली नाहीत. समोरचं माणूस बाळाच्या नजरेमागे जातं, ते ज्याकडे बघतं त्याचं नाव घेतं, ते हुंकारलं की थांबून ओ देतं. पडदा कुणासाठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांपर्यंत मुलांना पडद्यासमोर बसवू नये, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या वर नको. त्यामागे हालचाल आणि झोप यांचाही विचार आहे.

चिऊ-काऊचा घास आठवा. रोज तोच क्रम, तोच सूर, त्यामुळे पुढे काय येणार याचा अंदाज बाळ बांधू लागतं. ‘हा घास...’ म्हणून आजी थांबली की सव्वा वर्षाचं पोर अंगणाकडे बोट करतं, नाहीतर ‘काऊ’ म्हणतं. मला त्या थांबण्याचं मोल फार वाटतं, कारण तेव्हा बोलण्याची पाळी मुलाकडे जाते. रेचेल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या मेंदूचं चित्रण केलं. मुलाने एकूण किती शब्द ऐकले यापेक्षा मोठ्यांशी बोलताना अशा किती पाळ्या झाल्या, याचाच मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या कामाशी जास्त संबंध दिसला. म्हणून दिवसभर बडबड करत राहण्याचं दडपण कुठल्याच आईने घेऊ नये. थोडं बोलावं आणि काही सेकंद वाट बघावी. बाळाला उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतोच. तेल लावताना, अंगावर तांब्याने पाणी घालताना, बागेतून आलेल्या बाबांनी हातपाय धुताना, सगळीकडे हे जमतं.

हातांचा अभ्यास याहून गमतीचा. आठ-नऊ महिन्यांचं बाळ चमचा पुन्हा पुन्हा पाडतं आणि वाकून बघतं. वस्तू कुठे गेली, आवाज कसा झाला, कोण उचलून देतं, हे सगळं ते तपासत असतं. त्याच्या देखत एका वाटीखाली लिंबू लपवा; ते वाटी उचलून काढेल. दोन-तीनदा असं झाल्यावर तेच लिंबू, त्याच्या डोळ्यांदेखत, शेजारच्या वाटीखाली ठेवा आणि क्षणभर थांबा. पुष्कळ बाळं तरीही पहिल्याच वाटीकडे हात नेतात. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी टिपलेली ही चूक वर्षाच्या सुमारास सुटते. घरी जरूर करून बघा.

दीड वर्षाचं झालं की मूल कामात हात घालू पाहतं. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दाखवलं, की कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा पडला आणि त्याचा हात पोचेना, की अठरा महिन्यांची मुलं कुणी न सांगता जाऊन तो उचलून देतात. पुढच्या एका प्रयोगात मदतीबद्दल बक्षीस मिळालेली मुलं नंतर कमी मदत करू लागली. तेव्हा धुणं वाळत घालताना चिमट्यांची टोपली पोराकडे द्यावी, मेथी निवडताना एक जुडी त्याच्यापुढे टाकावी. काम लांबतं, सांडलवंड होते. पण मोठी माणसं करतात ते मला जमतं, हे त्याला कळण्याची दुसरी वाट मला दिसत नाही.

आपल्या भागापुरती एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत नेमकं अडकतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला ते उभं चिरून, चार फोडी करूनच द्यावं. शेंगदाणे आणि फुटाणे अख्खे देऊच नयेत. आणि फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली, कितीही धुतली तरी, खेळणं नव्हे.

वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं बोटाने काही दाखवत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नये. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतच ही तपासणी होते.

प्रतिसादाची ताकद किती, हे जमैकातल्या किंग्स्टन शहरात दिसलं. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८६-८७ मध्ये तिथल्या गरीब वस्त्यांतली, वाढ खुंटलेली, ९ ते २४ महिन्यांची १२९ मुलं निवडली. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं आठवड्याला तासभर जात, घरगुती वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसं खेळायचं हे आईला दाखवत. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, अशी भेट न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा २५ टक्के जास्त निघाली. नुसता पूरक आहार मिळालेल्यांत असा टिकाऊ फरक दिसला नाही.

हे वाचताना मला वाळवा-कराडच्या उसाच्या फडांशेजारच्या कोप्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्या, दिसतात. गळीत हंगामात बीडकडून आलेले आईबाप पहाटे फडात जातात. तान्ही पोरं राहतात सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे, जिने खरं तर शाळेत असायला हवं. ही मुलं कमी हुशार नाहीत. त्यांना ओ द्यायला दिवसा कुणी मोकळं नसतं, एवढंच. तीन वर्षांखालच्या मुलांशी काय खेळायचं, याची ‘नवचेतना’ ही आखणी केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढली आहे. अंगणवाड्याही गावोगाव आहेत. कोणती टोळी कुठल्या गावात उतरली हे कारखान्याच्या गट कार्यालयाला ठाऊक असतं. त्या टोळीतल्या सहा वर्षांखालच्या मुलांची यादी हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात जवळच्या अंगणवाडीला मिळाली पाहिजे, आणि कोपीवर जाण्यासाठी सेविकेला वेळ आणि प्रवासखर्च दिला पाहिजे.