रंगीत पानांची कुंडीतील झाडे (गोव्यातील निवड व निगा)

फुलांसाठी नव्हे, तर पानांच्या रंगासाठी घरात, बल्कांवात (दारापुढच्या छपराच्या ओट्यावर), राजांगणात (घराच्या मधल्या चौकात) किंवा सदनिकेच्या गॅलरीत लावली जाणारी शोभेची झाडे. क्रोटन, कोलियस, कॅलॅडियम, ॲग्लोनिमा, कॉर्डिलाइन, ड्रॅसीना, बेगोनिया, कलाथिया, मरांटा, ट्रॅडेस्कँशिया आणि फिटोनिया ही गोव्यात नेहमी दिसणारी. यांतली जवळजवळ सगळी उष्ण प्रदेशांतून आलेली असल्यामुळे गोव्याची हवा त्यांना परकी वाटत नाही. तरीसुद्धा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुमारास अनेक घरांतली झाडे एक तर बुडाशी कुजलेली असतात, नाहीतर रंग उडून हिरवी पडलेली. रोपासोबत मिळणाऱ्या सूचना बहुधा थंड देशांतल्या कोरड्या, हीटर लावलेल्या घरांसाठी लिहिलेल्या असतात: पानांवर पाणी फवारा, दमटपणा वाढवा. गोव्यात एसीची खोली सोडली तर दमटपणा वाढवायची वेळ कुठेच येत नाही. इथे वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात पाण्याची चैन असते आणि उजेडाचा दुष्काळ. रंगीत पानांच्या झाडाला नेमका उजेडच हवा असतो.

पानाला रंग कशाने येतो, हे माहीत असले की निवडीचे निम्मे काम होते. हिरवा रंग हरितद्रव्याचा, पिवळा-केशरी कॅरोटिनॉइडांचा, तर लाल, जांभळा आणि गुलाबी बहुधा अँथोसायनिनांचा. आंब्याची कोवळी पालवी तांबूस दिसते ती याच अँथोसायनिनांमुळे. आंब्याचे पान पुढे हिरवे होते, कोलियसचे तसेच रंगीत राहते. आल्टरनँथेराच्या लाल पानात मात्र बीटालेन हे वेगळे रंगद्रव्य असते, बीटात असते तेच. पांढऱ्या भागात रंगद्रव्यच नसते. पांढऱ्या कडांच्या मनी प्लँटात किंवा ड्रॅसीनात एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशी नांदत असतात, आणि पांढऱ्या पेशी हिरव्यांच्या जिवावर जगतात. म्हणून अशा झाडाला एखादी निव्वळ हिरवी फांदी फुटली तर ती जोमाने वाढून बाकीच्यांना मागे टाकते. दिसताक्षणी ती मुळाशी कापावी. रेक्स बेगोनियाची चंदेरी झाक आणखी निराळी. तिथे वरच्या त्वचेखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि त्यांवरून उजेड परततो.

यावरून एक ढोबळ नियम निघतो. लाल, केशरी, पिवळ्या रंगांच्या जाड पानांना भरपूर उजेड लागतो. चंदेरी, मखमली, नक्षीदार पातळ पाने सावलीतली असतात. सावलीत ठेवलेले क्रोटन मरत नाही, फक्त हिरवे होते. उन्हात ठेवलेली कलाथिया हिरवी होत नाही, करपते. ॲग्लोनिमाचे लाल वाण या नियमाला बरेचसे अपवाद आहेत, आणि त्यांची लोकप्रियता त्यातच आहे.

क्रोटन (कोडियम व्हेरिगेटम) हे गोव्यातले सर्वांत रुळलेले झाड. एरंडाच्या कुळातले, मूळचे इंडोनेशिया, न्यू गिनी, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांचे. सतराव्या शतकात इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर राहिलेल्या रुंफियस या निसर्ग-अभ्यासकाने त्याचे वर्णन केले होते. आज त्याचे शेकडो वाण आहेत: रुंद पानांचे, पट्टीसारख्या अरुंद पानांचे, पिळाच्या पानांचे आणि मधल्या शिरेपाशी तुटून पुन्हा सुरू होणाऱ्या पानांचेही. एकाच फांदीवर शेंड्याकडून खाली पाहत यावे. कोवळे पान पोपटी, त्यावर पिवळ्या शिरा, दोन-तीन पेरे खाली शिरा केशरी, त्याखाली लाल, आणि अगदी खालची पाने इतकी गडद की हिरवा भाग काळपट वाटतो. ही म्हातारपणाची छटाच क्रोटनची खरी शोभा आहे, म्हणून नवीन पालवी पिवळीच आली तर काळजीचे कारण नाही. खालची पाने एकाएकी झडू लागली तर मात्र जागा बदलल्याचा धक्का, पाण्याची ओढ किंवा एसीचा झोत यांपैकी काहीतरी घडले आहे असे समजावे. क्रोटनला हलवाहलव खपत नाही. एकदा चांगली जागा सापडली की तिथेच राहू द्यावे, आणि पाहुणे येणार म्हणून ते दिवाणखान्यात नेऊन ठेवू नये.

कॅलॅडियम हे दक्षिण अमेरिकेतले, अळूच्या कुळातले कंदझाड. पान अळूसारखेच, पण गुलाबी, पांढरे, लाल शिरांचे आणि काही वाणांत कागदासारखे पातळ. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर कंद फुटतात, चार-पाच महिने कुंडी गाजते, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात पाने माना टाकतात. झाड मेले असे समजून कुंडी रिकामी करणारे पुष्कळ असतात. खरे तर तो विश्रांतीचा काळ आहे: पाणी बंद करावे, कुंडी आडोशाला सरकवावी, मे अखेरीस कंद नव्या मातीत लावावेत. दुसरी गोष्ट महत्त्वाची. गोव्यात पावसाळ्यात बांधावरचे तेरे (रानअळू) खुडून आणण्याची आणि अळू रांधण्याची रीत आहे. कॅलॅडियम दिसायला त्यांच्या जवळचे असले तरी खाण्याचे नाही, तेव्हा परसात अळूच्या वाफ्याशेजारी ते लावू नये.

कमी उजेडाच्या सदनिकेत पहिले झाड घ्यायचे तर ॲग्लोनिमा घ्यावे. हे दक्षिण-पूर्व आशियातल्या जंगलांच्या तळातले झाड. जुने वाण हिरवे-चंदेरी. लाल वाणांची सुरुवात इंडोनेशियातले संकरक ग्रेगोरी हंबाली यांच्या ‘प्राइड ऑफ सुमात्रा’पासून धरतात, पुढे थायलंडातल्या संकरकांनी असंख्य छटा आणल्या. ते हळू वाढते, क्वचितच छाटावे लागते आणि पाणी द्यायचे एक-दोनदा राहून गेले तरी तक्रार करत नाही. पाणी जास्त झालेले मात्र त्याला अजिबात सोसत नाही.

कोलियस तुळशीच्या कुळातला, हे त्याच्या चौकोनी खोडावरून लगेच कळते. स्वस्त आणि सुखासुखी वाढणारा, पण अल्पायुषी. शेंडे खुडत राहिले तर झुडूप भरते, फुलांचा तुरा येऊ दिला तर पाने लहान होत जातात. तुरा निघताच मोडावा. रेक्स बेगोनियाचे मूळ आपल्याच ईशान्य भारतात, आसामकडच्या डोंगरांत आहे, म्हणून ते इथेही सहज जगेल असे वाटते. पण किनाऱ्यावरच्या उन्हाळी रात्री त्याला उकडतात आणि जुलैत पानांवर पाणी साचले की भुरी आणि कुज ठरलेली. हौस असेल तर सत्तरी, सांगेसारख्या झाडीच्या भागात प्रयत्न करावा. किनारी सदनिकेत त्यावर पैसे घालू नयेत. कलाथिया आणि मरांटा यांची पाने रात्री मिटून उभी राहतात, ते रोग नव्हे. देठाशी असलेल्या फुगीर सांध्यातल्या पाण्याच्या दाबाने ती हालचाल होते. फिटोनिया काचेच्या भांड्यात शोभते. ट्रॅडेस्कँशिया कुठेही वाढते.

जागा. गोव्याच्या जुन्या घरांत या झाडांसाठी आयत्या जागा आहेत. बल्कांवावर छप्पर असते आणि कडेने उजेड येतो. सोप्याच्या टोकाला क्रोटन, कॉर्डिलाइन आणि आतल्या भिंतीकडे ॲग्लोनिमा अशी मांडणी बहुतेक वेळा जमते. राजांगणात तुळशीवृंदावनाभोवती वरून उजेड असतो, पण पागोळ्यांखाली कुंडी ठेवली तर जूनमध्येच माती वाहून मुळे उघडी पडतात. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या ज्या घरांत शिल्लक आहेत तिथे गाळून आलेला मऊ उजेड मिळतो. कलाथियासाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. सदनिकांतल्या पश्चिमेकडच्या गॅलऱ्या सगळ्यांत कठीण: उन्हाळ्यात दुपारचे ऊन आणि पावसाळ्यात वाऱ्यासोबत आत येणारी झोड, दोन्ही तिकडूनच. समुद्राजवळ त्यात खारा वारा मिसळतो. क्रोटन आणि सान्सेव्हिएरिया (स्नेक प्लँट) तग धरतात, पातळ पानांच्या कडा जळतात.

उजेड मोजायला उपकरण लागत नाही. दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद धरून त्यावर हाताची सावली पाडावी. कड स्पष्ट दिसली तर क्रोटन, कोलियस चालतील. पुसट दिसली तर ॲग्लोनिमा, कलाथिया, बेगोनिया. सावलीच पडली नाही तर तिथे झाडाऐवजी दुसरे काहीतरी ठेवावे. ही चाचणी मेमध्ये एकदा आणि जुलैत एकदा करावी. दोन्हींत इतका फरक पडतो की अनेकदा कुंड्या खिडकीकडे सरकवाव्याच लागतात.

रोप निवडणे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असो की रोपवाटिकेत, सगळ्यांत झगमगीत रोप उचलण्याआधी पाने उलटून पाहावीत. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण, मागे बारीक जाळे दिसले तर लाल कोळी ही कीड. कुंडीच्या भोकातून पांढरी किंवा फिकट मुळे डोकावत असतील तर उत्तम; तपकिरी, बोटाने सालपट निघणारी मुळे असली तर रोप जागेवर ठेवावे. राज्याबाहेरून आलेली बरीच रोपे निव्वळ काथ्याच्या भुशात असतात. प्रवासाला हलका असा हा भुसा गोव्याच्या पावसात स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. असे रोप पावसाळ्याआधी मिश्रणात बदलून घ्यावे.

माती आणि पाणी. जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते. ते या झाडांना मानवते. अडचण तिच्या पोताची आहे. एकटी माती कुंडीत घट्ट बसते. एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग काथ्याचा भुसा आणि अर्धा भाग जाड रेती हे मिश्रण बहुतेकांना चालते. भुसा आधी दोन-तीनदा धुवावा, कारण त्यात क्षार असतात. समुद्राची रेती कधीच वापरू नये. कुंडीच्या तळाला नारळाच्या सोडणाचे तुकडे घालण्याची जुनी पद्धत उन्हाळ्यात ओल धरायला चांगली, पण सतत भिजणाऱ्या कुंडीत तीच कुजीला निमंत्रण देते.

पाणी घड्याळ पाहून नव्हे, बोट खुपसून द्यावे. एप्रिल-मेमध्ये क्रोटन, कोलियसला रोज लागेल. जुलैत घरातल्या ॲग्लोनिमाला दहा-दहा दिवस लागणार नाही. पावसाळ्यात पान लोंबलेले दिसले की लोक आणखी पाणी ओततात. ओल्या मातीत पान लोंबते ते मुळे कुजल्यामुळे. अशा वेळी झाड उपसून काळी मुळे कापावीत आणि कोरड्या, रेताड मिश्रणात लावावे. खाजनालगतच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीलगतच्या) आणि किनाऱ्याच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते; कुंडीच्या काठावर पांढरा थर आणि पानांची टोके तपकिरी ही त्याची खूण. जूनमध्ये पाऊस धरला की अशा कुंड्या तास-दोन तास उघड्यावर ठेवाव्यात, क्षार धुऊन जातात. कुंडीखालच्या बशा मात्र आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासाव्यात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो.

खत बेताने. नत्र जास्त झाले की पान मोठे आणि हिरवे होते, रंग मागे पडतो. भर पावसात घरातल्या झाडांना काहीही देऊ नये. सप्टेंबर अखेरीपासून मेपर्यंत महिन्याकाठी मूठभर गांडूळखत पुरते.

ऑक्टोबर. निगेच्या पुस्तकांत या महिन्याचा स्वतंत्र उल्लेख सापडणार नाही, पण गोव्यात तो हवा. चार महिने अंधुक उजेडात वाढलेली पाने पातळ आणि नाजूक असतात. आकाश अचानक मोकळे होते आणि त्याच जागी कडक ऊन उतरते. पानांवर कागदी, पांढुरके डाग उमटतात. लोक बुरशी समजून फवारे मारतात. ते करपणे आहे, फवाऱ्याने जाणार नाही. चवथ आटोपली की कुंड्या सावलीकडे घ्याव्यात आणि पंधरवड्यात हळूहळू उन्हाला सवय लावावी. थंडीत हवा कोरडी झाली की लाल कोळी वाढतो; पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा पहिला उपाय. पिठ्या ढेकणांना निंबोळी तेल आणि साबणाचे पाणी, संध्याकाळी. पावसाळ्यातल्या शंखी गोगलगायी रात्री विजेरी घेऊन वेचण्याला पर्याय नाही. वेचताना हातमोजे घालावेत.

अभिवृद्धी. जून-जुलैत कोलियस, ट्रॅडेस्कँशिया, कॉर्डिलाइनची कांडी मातीत खोचली की धरते. क्रोटनला गुटी कलम सोपे: पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवर दोनेक सेंटिमीटर साल गोल काढावी, चीक पुसावा, ओले शेवाळ लावून प्लास्टिक घट्ट बांधावे. चार-सहा आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतात, मग खाली कापून कुंडीत. पिवळ्या कडांच्या सान्सेव्हिएरियाचे पान कापून लावले तर मात्र येणारे रोप हिरवे निघते. तिचा रंग टिकवायचा तर गड्डा फोडूनच लावावी.

सावधगिरी. ॲग्लोनिमा, कॅलॅडियम, मनी प्लँट या अळूच्या कुळातल्या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यास तोंड आणि घसा सुजतो. क्रोटनचा चीक त्वचेला झोंबतो. लहान मुले आणि मांजर-कुत्री असलेल्या घरात या कुंड्या उंचावर ठेवाव्यात. छाटलेल्या फांद्या ओहोळाकाठी किंवा कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) कडेला फेकू नयेत. मनी प्लँट आणि सिंगोनियम माड-पोफळीवर चढून हातभर पाने काढतात, ट्रॅडेस्कँशिया ओलसर सावलीत जमीन झाकून टाकते, आणि एकदा पसरल्यावर त्यांना उपटणे कुळागरवाल्याच्या माथी येते. कापलेले तुकडे उन्हात पूर्ण वाळवूनच खतखड्ड्यात टाकावेत.