आईला अल्झायमर होता म्हणजे मला होणारच? नाही हो

हे वर्षानुवर्षं फिरतंय आणि चुकीचंय. जवळपास होणारच म्हणावं असे जीन तीनच, एपीपी आणि प्रेसेनिलिन १ व २, त्यातले बदल १ टक्क्याहून कमी पेशंटमध्ये सापडतात. एपीओई-४ हा जीनचा प्रकार वेगळा, १९९३ मध्ये त्याचा संबंध कळला, एक कॉपी असली तर रिस्क साधारण तिप्पट, दोन असल्या तर बरीच जास्त, पण तो असूनही कित्येक जण म्हातारपणी ठणठणीत असतात आणि नसलेल्यांनाही होतोच की.

मला जास्त इंटरेस्टिंग वाटतात त्या मायक्रोग्लिया, मेंदूतल्या सफाईवाल्या इम्यून पेशी, त्या अमायलॉइडचा, म्हणजे मेंदूत साचणाऱ्या एका प्रथिनाचा, कचरा उचलता उचलता कायमच भडकलेल्या राहिल्या की चांगल्या न्यूरॉन्सनाही, म्हणजे मेंदूच्या पेशींनाही, इजा करतात, आणि ज्यातल्या बदलाने रिस्क वाढते हे २०१३ मध्ये कळलं तो ट्रेम-२ जीन याच पेशींमध्ये काम करतो. पण हे भडकणं म्हणजे एक प्रकारची सूजच, म्हणून लगेच सूज उतरवायच्या गोळ्या खात सुटू नका, त्यातल्याच नॅप्रोक्सेनची ट्रायल झालीये, त्याने अल्झायमर टळला नाही.