शिक्षक व्हायचंय, मग मायनर विषय कोणता घ्यायचा?

इंदूरला रामबागेत आत्याच्या कपाटात तिची बी.एससी.ची गुणपत्रिका आहे. कडा पिवळ्या पडल्यात, पण भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित ही तीन नावं स्पष्ट वाचता येतात. तिन्ही विषयांना सारखेच गुण, सारखाच मान. १८९१ साली शिवाजीराव होळकरांच्या काळात होळकर कॉलेज निघालं, १९६४ मध्ये इंदूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. आत्याच्या पिढीला पदवीला तीन विषय तोलामोलाचे असायचे. पुढे मास्तरकी करायची म्हटलं तर विज्ञान आणि गणित, दोन्ही दारं आपोआप उघडी राहायची.

शिक्षकभरतीच्या अटी याच साच्यावर बेतल्या गेल्या. केंद्रीय विद्यालयाची टीजीटीची, म्हणजे प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची, अट बघा. सामाजिक शास्त्रासाठी इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांपैकी दोन विषय पदवीला हवेत, आणि त्यातला एक इतिहास किंवा भूगोल असलाच पाहिजे. गणितवाल्यालाही सोबतीच्या विषयांची अट आहेच. २०११ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली, तिथेही सहावी ते आठवीसाठी एका बाजूला गणित-विज्ञान, दुसऱ्या बाजूला सामाजिक शास्त्र. शाळेतला शिक्षक एका विषयाचा नसतो, हे या सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

मग २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं आणि मध्य प्रदेशानं ते २०२१-२२ पासून पदवीला लागूही केलं. तीन बरोबरीच्या विषयांऐवजी मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम), इलेक्टिव्ह (ऐच्छिक) अशी उतरंड आली. निवड वाढली, हे मला मनापासून आवडतं. संगीत शिकणारी मुलगी अर्थशास्त्रही शिकू शकते. पण जी जोडी पूर्वी आपसूक जमायची, ती आता विद्यार्थ्यालाच जमवावी लागते. आणि ती जमवायची बारावीच्या निकालानंतरच्या धावपळीत, जेव्हा बी.एड. अजून तीन वर्षं लांब असतं!

यंदा भाची प्रवेशाचा अर्ज भरत होती. मेजर इतिहास. मायनरच्या रकान्यात मैत्रिणीनं घेतला म्हणून समाजशास्त्र निवडून मोकळी झाली होती. चांगला विषय, पण टीजीटीच्या अटीतल्या त्या चार विषयांत तो बसत नाही. आम्ही भरतीच्या अटी काढून तिच्याशेजारी बसलो. तिनं भूगोल निवडला आणि लगेच कॉलेजात फोन लावला: मायनरचा भूगोल तिन्ही वर्षं शिकवतात ना?