बाटलीत बर्फ कशाला?

एप्रिलातल्या एका रविवारी भाच्याचा फोन आला. "मामा, उद्यमनगरात या की जरा. गाडीचं काम बघून जावा, नाद खुळा झालंय."

गेलो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात रविवारीही कुठं ना कुठं लेथ फिरतच असतं. ओळखीच्या मिस्त्रींच्या शेडमध्ये त्याची १.२ लिटरची टर्बो पेट्रोल गाडी बॉनेट उघडून उभी होती. पुढच्या जाळीच्या आत, टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या इंटरकूलरसमोर त्यानं एक नोझल बसवला होता. तिथून नळी डिकीपर्यंत गेली होती. डिकीत पाच लिटरचा कॅन, काच धुण्याचा जुना पंप, आणि कॅनमध्ये बर्फ. चांगले अर्धा किलो खडे, रसवंतीवाल्याकडून मागून आणलेले.

"बर्फाचं पाणी मारलं की इंटरकूलर थंडगार. पॉवर वाढती, मायलेजबी वाढतंय. व्हिडिओ आलाय ग्रुपवर."

पॉवरचं त्याचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं होतं. मायलेजचं खोटं होतं. आणि बर्फाचा तर या सगळ्याशी जवळजवळ काही संबंधच नव्हता. पॉलिटेक्निकला उष्मागतिकी शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला हे तसंच सोडून देणं जमत नाही. मिस्त्रींनी चहा सांगितला आणि मी सुरुवात केली. भाचा किती ऐकत होता कोण जाणे, म्हणून आता लिहूनच काढतो.

टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेली दोन चाकं. एक चाक सायलेन्सरकडं निघालेल्या धुरानं फिरतं, दुसरं बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. कल्पना जुनी आहे, स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशीनं १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. हवा जास्त कोंबली की तिच्याबरोबर पेट्रोलही जास्त जाळता येतं, त्यामुळं लहान इंजिन मोठ्यासारखं ओढतं. अडचण एकच. हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, तेच इथं होतं. धुराच्या संगतीनं हवा तापते असं पुष्कळ जण समजतात, पण तो भाग थोडा. मुख्य तापणं दाबण्याचंच.

किती तापते? बाहेर ३५ अंश सेल्सिअस असताना हवेचा दाब दुप्पट केला, तर अगदी आदर्श यंत्रातही ती १०० अंशांच्या वर जाते. खरा कॉम्प्रेसर आदर्श नसतो, त्याची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली तर हवा १३० अंशांना पोचते. तापलेली हवा फुगते, म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी मावतो. शिवाय पेट्रोल इंजिनात गरम हवेमुळं नॉकिंगची भीती, म्हणजे ठिणगीची ज्योत पोचायच्या आतच मिश्रणाचा काही भाग आपोआप भडकतो. ते टाळण्यासाठी गाडीचा कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागं ओढतो आणि ताकद कमी करतो. घाटात एसी लावून चढताना गाडी अचानक मरगळल्यासारखी वाटते, त्याचं एक कारण हे.

म्हणून मधे इंटरकूलर. ॲल्युमिनियमचा रेडिएटरच तो, फक्त आतून पाण्याऐवजी टर्बोची गरम हवा जाते आणि बाहेरून वाऱ्याचा झोत. हमरस्त्यावर वारा भरपूर मिळतो, काम चोख होतं. पण करूळ घाट चढताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये तीस-चाळीसच्या वेगानं रांगते. टर्बो पूर्ण जोरात आणि समोरचा वारा तोकडा. तिथं इंटरकूलर हळूहळू तापत जातो आणि गगनबावड्याला पोचेपर्यंत त्याची गार करण्याची ऐपत संपत येते. अशा वेळी त्यावर पाणी मारायची कल्पना काही व्हॉट्सॲपवर जन्मलेली नाही. रॅली गाजवणाऱ्या सुबारू इम्प्रेझा एसटीआय आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या गाड्यांच्या काही मॉडेलना इंटरकूलरवर फवारा मारायची सोय कारखान्यातूनच येत असे.

आता बर्फाकडं वळू. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी गंमत इथंच आहे.

एक ग्रॅम पाणी एका अंशानं तापवायला ४.२ ज्यूल उष्णता लागते. कॅनमधलं पाणी ३५ अंशांचं आहे, ते इंटरकूलरवर पडलं, ५० अंशांपर्यंत तापलं आणि खाली ठिबकून गेलं, तर त्या ग्रॅमनं उष्णता नेली १५ गुणिले ४.२, म्हणजे ६३ ज्यूल. आता तेच ग्रॅमभर पाणी न ठिबकता जाळीवरच वाफ होऊन उडालं तर? त्याला लागतात सुमारे २४०० ज्यूल. जवळजवळ अडतीस पट! आणि बर्फानं काय मिळालं? पाणी ३५ ऐवजी ५ अंशांचं झालं, म्हणजे ३० अंशांचा जास्तीचा फायदा, १२६ ज्यूल. २४०० च्या पुढं जेमतेम पाच टक्के. त्यातही डिकीपासून बंपरपर्यंतच्या नळीत पाणी थोडं तापणारच. बर्फ वितळताना मोठी उष्णता घेतो हे खरं, पण खडा काही नोझलमधून बाहेर येत नाही. तो वितळतो कॅनमध्ये, आणि गार होते डिकी.

हे पटत नसेल त्यानं गुऱ्हाळावर जावं. काहिलीत रस ओतला, खाली चिपाडांचा जाळ घातला की उकळी यायला फार वेळ लागत नाही. खरा वेळ जातो तो पुढं, आटवण्यात. जाळ तसाच धडधडत असतो, चिपाडांचा ढीग संपत येतो, पण रसाचं तापमान कितीतरी वेळ शंभराच्या आसपासच घुटमळतं. (कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर आहे, त्यामुळं इथं साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. रसात साखर असल्यानं तो थोडा वर.) मग एवढी उष्णता जाते कुठं? पाण्याच्या रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात. ती वाफेबरोबर छपरातून बाहेर जाते. पाणी बहुतेक उडालं, पाक घट्ट झाला, की मग मात्र तापमान भराभर चढतं आणि गुळव्याची नजर काहिलीवरून हलत नाही. तीस अंशांचं ग्रॅमभर पाणी उकळीला आणायला तीनशे ज्यूलही लागत नाहीत आणि उकळतं पाणी उडवायला त्याच्या साडेसात पट लागतात. गुळाच्या भावात चिपाडाचा जो खर्च असतो, तो मुख्यतः या साडेसात पटीचा.

इंटरकूलर म्हणजे उलटी काहील समजा. तिथं आपल्याला उष्णता द्यायची नाही, घालवायची आहे, आणि पाण्याचा हा उष्णता पिण्याचा अधाशीपणा आपल्या पथ्यावर पडतो.

मग पाणी लागतं किती? शंभरेक अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना सेकंदाला साधारण ८० ग्रॅम हवा ओढतं. ती हवा आणखी १५ अंशांनी गार करायची तर सेकंदाला सुमारे १२०० ज्यूल काढावे लागतील. म्हणजे वाफ होणारं पाणी सेकंदाला अर्धा ग्रॅम. मिनिटाला ३० मिलिलिटर, चहाचा अर्धा कपही नाही! प्रत्यक्षात बरंच पाणी वाऱ्याबरोबर वाया जातं, म्हणून तिप्पट-चौपट धरा. तरी भाच्याच्या पंपातून ज्या धारा लागत होत्या त्या यापेक्षा कितीतरी जास्त होत्या, आणि त्यातलं बहुतेक पाणी मिस्त्रींच्या शेडच्या जमिनीवर साचलं होतं. ते सगळं ६३ ज्यूलवालं पाणी. उलट जास्त पाणी तोट्याचं. इंटरकूलरच्या फिनमधली, म्हणजे जाळीच्या पातळ पत्र्यांमधली, फट एक-दोन मिलिमीटरची असते, तिच्यात पाण्याचा पडदा अडकून बसला की वाऱ्याचीच वाट बंद होते.

पाणी उडावं म्हणून थेंब बारीक हवेत. एक मिलिलिटर पाण्याचा एकच गोळा केला तर त्याचा पृष्ठभाग पाचेक चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच पाण्याचे दशांश मिलिमीटर व्यासाचे थेंब केले तर ६०० चौरस सेंटिमीटर. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होतं, म्हणून हा सव्वाशे पटीचा फरक निर्णायक. काच धुण्याच्या पंपाला एवढा दाब देता येत नाही. भाच्याला म्हटलं, तू शेतकऱ्याच्या घरातला, पाठीवरच्या बॅटरी पंपाची १२ व्होल्टची मोटर काढ आणि कृषी सेवा केंद्रातून हरितगृहाचा फॉगर आण. आणि फवारा सारखा चालू ठेवू नकोस. दोन सेकंद मार, जाळी सुकू दे, मग परत मार.

आता मिस्त्रींची शंका. "सर, पण हे पावसाळ्यात चालणार न्हाई. हवेतच पाणी, तर पाणी उडणार कसं? कूलर बघा की, जुलैत नुसता घाम."

शंका रास्त आहे, आणि उत्तर मला फार आवडतं, पण त्यासाठी थोडं सांभाळून चालावं लागेल. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश तापमान आणि २५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर सुमारे २३ अंश दाखवेल. जुलैत २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना तोच थर्मामीटर दाखवेल २४ च्या किंचित खाली. म्हणजे पाणी उडवून हवा गार करायची मर्यादा दोन्ही ऋतूंत जवळपास सारखीच. फरक इतकाच की एप्रिलात पंधरा अंश उतरायला वाव आहे, जुलैत एकच. घरातला कूलर हवेला गार करतो, म्हणून जुलैत तो नापास होतो.

पण इंटरकूलरची जाळी हवेच्या तापमानाला नसतेच, ती ६० अंशांना असते. पाणी उडेल की नाही हे ठरतं दोन बाष्पदाबांच्या, म्हणजे वाफेच्या दाबांच्या, फरकावर, एक ओल्या पृष्ठभागाचा आणि एक हवेतल्या वाफेचा. ६० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब असतो पाऱ्याच्या १५० मिलिमीटरइतका. वर सांगितलेल्या एप्रिलच्या हवेत वाफेचा दाब आहे साधारण १२ मिलिमीटर, जुलैच्या दमट हवेत २१. वजाबाकी करा. एकीकडं १३८, दुसरीकडं १२९. फरक सहा-सात टक्क्यांचा! भर पावसातसुद्धा तापलेल्या जाळीवरचं पाणी जवळपास तितक्याच आवेशानं उडतं. चुलीवरचं पातेलं पावसाळ्यात उकळायचं थांबतं का? जाळी ओली होऊन ४५ अंशांवर उतरली तर हा फरक वाढून पंधरा टक्क्यांवर जातो, हे मान्य. म्हणजे फवारा जुलैतही चालतो, फक्त त्याची गरज नसते, कारण २५ अंशांची हवा आधीच गार आहे आणि अंबा घाटातला पाऊस आपणहून फवारा मारतोच आहे.

मिस्त्रींनी मान हलवली. भाचा मोबाइल बघत होता.

फायद्याचा हिशेबही करून टाकू. इंजिनात जाणारी हवा ६० वरून ४५ अंशांवर आली तर तिची घनता वाढते पावणेपाच टक्क्यांनी (तापमान केल्विनमध्ये मोजायचं, ३३३ भागिले ३१८). त्यावर कॉम्प्युटर ठिणगी मागं ओढत नाही हा वरकड लाभ. फायदा खरा आहे, पण तो फक्त चढावर किंवा शर्यतीत. पुणे-बंगळूर रस्त्यावर ऐंशीच्या संथ वेगात टर्बो फारसा दाबत नाही, इंटरकूलर तापलेलाच नसतो, त्यामुळं वाचवायलाही काही नसतं. मायलेज वाढण्याची गोष्ट तिथंच संपली. भाच्याला आलेल्या व्हिडिओच्या मागोमाग 'पाण्यावर चालणारी गाडी' नावाचा दुसराही येतो, त्याचं दुकान तर वर्षानुवर्षं चालू आहे. पाणी म्हणजे हायड्रोजन जळून झालेली राख. राखेतून पुन्हा सरपण करायला जाळून मिळालं त्याहून जास्तच द्यावं लागतं, आणि ते देणार तुमचंच पेट्रोल.

इंजिनाच्या आत पाणी सोडणं हा मात्र वेगळा आणि खराखुरा प्रकार आहे. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायर या अमेरिकन टर्बो गाडीत डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉलचं मिश्रण हवेत सोडत, दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांतही ही युक्ती होती. ते घरी करायचं काम नाही, आणि भाच्याला मी ते मुद्दामच सांगितलेलं नाही.

पाणी कुठलं, हेही महत्त्वाचं. बोअरचं पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. चार महिन्यांत फिनवर पांढरा थर चढेल आणि इंटरकूलर कोरडा असतानाही आधीपेक्षा वाईट काम करेल. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणीच घालावं. ऊस हंगामात ट्रॉल्यांमागं चालून जाळीत धूळ आणि पाचटाचा भुसा बसलेला असतो, त्यावर पाणी मारलं तर चिखल होतो, म्हणून आधी जाळी मऊ ब्रशनं साफ करावी. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गननं नको, फिन वाकतात.

पंधरा दिवसांनी पुन्हा शेडवर गेलो. बर्फ गेला होता, फॉगर आला होता, डिकीत बॅटरीच्या पाण्याचा कॅन होता. फवारा मारून दाखवला, धुकं छान पडत होतं, पण इंटरकूलरचा मधला भाग कोरडाच. वाकून बघितलं. माझ्या बहिणीनं दर शनिवारी बांधलेलं लिंबू-मिरचीचं ताजं गोंडं नेमकं नोझलच्या तोंडासमोर लोंबत होतं.

"हे काढ की आधी," मी म्हटलं.

"आई बोलेल, मामा." भाच्यानं दहा नंबरचा पाना घेतला आणि नोझल दोन इंच डावीकडं सरकवला.