फँटेसिया बरीनो : टीव्हीवरच्या दोन मिनिटांपासून ब्रॉडवेच्या आठ प्रयोगांपर्यंत

डिसेंबर २०२३मध्ये 'द कलर पर्पल' हा संगीतपट आला आणि त्यातल्या सीली या नायिकेच्या भूमिकेसाठी फँटेसिया बरीनोला गोल्डन ग्लोब आणि बाफ्टा या दोन्ही पुरस्कारांची नामांकने मिळाली. आपल्याकडच्या बऱ्याच प्रेक्षकांनी तिचे नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकले. पण ही भूमिका तिने सोळा वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या रंगमंचावर रोज जगून घेतली होती, आणि त्याआधी ती टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा जिंकून आली होती.

या स्पर्धांचे मूळ ब्रिटनमध्ये आहे. तिथल्या 'पॉप आयडॉल'वरून २००२मध्ये 'अमेरिकन आयडॉल' निघाला आणि २००४मध्ये आपला 'इंडियन आयडॉल'. त्याचा पहिला विजेता मुंबईचा अभिजीत सावंत होता, हे मराठी घरांना सांगायला नकोच. परीक्षक बोलणार, पण निकाल लोक लावणार, हा या साच्याचा गाभा.

फँटेसिया 'अमेरिकन आयडॉल'च्या तिसऱ्या पर्वात उतरली, २००४मध्ये. नॉर्थ कॅरोलायनातल्या हाय पॉइंट गावची, वय एकोणीस, शाळा अर्धवट सुटलेली, पदरात लहान मुलगी. आई आणि आजी दोघीही चर्चमध्ये धर्मोपदेशक होत्या आणि अख्खे कुटुंब गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीते, गाणारे. गाणे तिला शिकवणीतून नव्हे, चर्चमधून मिळाले. सूर ओरखडत वर न्यायचा आणि तिथेच धरून ठेवायचा, ही सवय तिथलीच. त्या पर्वात तिने अमेरिकन संगीतकार गर्श्विनच्या १९३५च्या 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरातले 'समरटाइम' गायले. रंगमंचावर चक्क खाली बसून, जवळजवळ कुजबुजत तिने सुरुवात केली. आजही ती चित्रफीत पाहावी. बाकीचे स्पर्धक गाणे सादर करत होते, ही मुलगी त्या गाण्यातल्या आईची भूमिका करत होती. मला तिच्यातली नटी तिथेच दिसते.

पण लोकमताचा काही भरवसा नसतो. एप्रिलमध्ये एका आठवड्यात सर्वांत कमी मते मिळालेल्या तिघींमध्ये फँटेसिया, लटोया लंडन आणि जेनिफर हडसन होत्या. तिघीही कृष्णवर्णीय, तिघीही त्या पर्वातल्या सर्वांत दमदार आवाजांपैकी. हडसन सातव्या क्रमांकावर बाहेर पडली. एल्टन जॉन यांनी या मतदानाला उघडपणे वर्णद्वेषी म्हटले. पुढे फँटेसिया जिंकली. अंतिम फेरीत साडेसहा कोटी मते पडली होती. तिचे 'आय बिलीव्ह' हे पहिलेच गाणे बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरले. पदार्पणाच्या गाण्याने असे यश तोवर कुणालाच मिळाले नव्हते.

दरम्यान ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, निर्मात्यांना या स्पर्धेतल्या मुलांमध्ये तिकीटविक्री दिसू लागली होती. पहिल्या पर्वातली टमायरा ग्रे तर ए. आर. रहमान यांचे संगीत असलेल्या 'बॉम्बे ड्रीम्स'मध्ये आली. ते नाटक 'ब्रॉडवे थिएटर' नावाच्या ज्या नाट्यगृहात चालले, तिथेच डिसेंबर २००५मध्ये 'द कलर पर्पल' उभे राहिले. ॲलिस वॉकर यांच्या पुलित्झरविजेत्या कादंबरीवरचे हे संगीत नाटक. निर्मात्यांमध्ये ओप्रा विन्फ्री. लशॉन्झ या अभिनेत्रीने सीलीसाठी टोनी हा ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार मिळवला आणि पुढे एप्रिल २००७मध्ये त्या भूमिकेत फँटेसिया आली.

टीव्हीवर दोन मिनिटांचे गाणे आणि मग आठवडाभर तयारी. इथे आठवड्याला आठ प्रयोग, त्यातल्या काही दिवशी दुपारी एक आणि रात्री एक. सीली जवळपास सबंध नाटकभर रंगमंचावर असते. चौदाव्या वर्षापासून पिचलेली ही बाई शेवटाकडे 'आय अ‍ॅम हिअर' म्हणत उभी राहते. म्हणजे थकलेल्या गळ्याने, दोन-अडीच तासांनंतर, सर्वांत अवघड गाणे. आपल्या संगीत रंगभूमीवरच्या गायक नटांना हे कष्ट ठाऊक होते. फँटेसियाचे कौतुक झाले, थिएटर वर्ल्ड पुरस्कारही मिळाला, पण आवाजाने साथ सोडली आणि अनेक प्रयोग चुकले. वर्तमानपत्रांनी तिला बेजबाबदार ठरवले. स्वरयंत्रावर गाठ झाली होती, हे नंतर कळले. त्या टीकेत या कामाच्या ओझ्याचा विचार फारच कमी होता, असे मला वाटते.

ओझे नुसते गळ्याचेही नव्हते. शाळेत असताना झालेला बलात्कार आणि धड वाचता न येणे, दोन्ही तिने २००५च्या आत्मचरित्रात उघड सांगितले होते. सीलीवरचे अत्याचार रोज रात्री साकारताना ती भूमिका घरीही तिच्याबरोबर जात असे. म्हणूनच चित्रपटासाठी विचारणा झाली, तेव्हा तिचे पहिले उत्तर नकाराचे होते.

मधल्या काळात 'बिटरस्वीट' या गाण्यासाठी तिला ग्रॅमी मिळाले, आणि २०१३मध्ये जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या काळातल्या संगीतावर रचलेल्या 'आफ्टर मिडनाइट' या ब्रॉडवेवरच्या कार्यक्रमाची ती पहिली पाहुणी गायिका झाली. सातव्या क्रमांकावर बाहेर पडलेल्या जेनिफर हडसनला तोवर 'ड्रीमगर्ल्स' या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले होते. २०१५मध्ये तिने ब्रॉडवेवर पदार्पण केले, तेही 'द कलर पर्पल'च्या नव्या निर्मितीतल्या शग एव्हरी या गायिकेच्या भूमिकेत.